कुलाब्यात जुळलेल्या जोड्या

नवी मुंबईतून आज खाडीपलीकडची गोष्ट. साल 1969. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी कागदावर अणूंची एक साखळी मांडली. प्रत्येक अणूचा स्पिन म्हणजे इवलंसं चुंबक. त्याला शेजाऱ्याच्या उलट राहायचंय, आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्याही उलट. आता स्पिन तीन, दिशा दोनच! कुणीतरी नाराज राहणारच.

मग तोडगा काय? दुसऱ्या शेजाऱ्याची ओढ पहिल्याच्या बरोबर निम्मी असेल, तर स्पिन दोघादोघांच्या जोड्या बांधतात. जोडीत दोघांचं चुंबकत्व पुरतं मिटतं. साखळीतले लागोपाठचे कुठलेही तीन स्पिन घ्या, त्यात एक जोडी असतेच. म्हणून याहून कमी ऊर्जेची स्थिती शक्यच नाही. असंख्य कणांच्या क्वांटम गणितात इतकं नेमकं उत्तर क्वचितच हाती लागतं.

1981 मध्ये श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी अशाच जोड्यांचं मॉडेल द्विमितीत मांडलं. आणि 1999 मध्ये स्ट्रॉन्शियम, तांबं, बोरॉन, ऑक्सिजनच्या एका स्फटिकात ती रचना खरोखर सापडली!

तेव्हा कागदावरच्या मॉडेलला ‘उपयोग काय?’ असं विचारायची घाई नको. निसर्ग उत्तर देतो, सवडीने.