उरलेला ‘वेअर’
‘मी राजा असतों तर’ असें म्हणतांच बोलणारा राजा नव्हे हें कळतें; मराठी व्याकरणांत हा संकेतार्थ. प्राचीन इंग्रजींतही कल्पित गोष्टींसाठीं क्रियापदांस निराळे प्रत्यय होते. पुढें अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास शब्दांच्या अंतींचे स्वर झिजले, आणि त्यांबरोबर तो भेदही पुसट झाला. संकेतवाक्यांत ठळक उरला तो एकवचनी कर्त्यापुढचा ‘वेअर’. ‘इफ आय वेअर किंग’ यांत राजेपणाचा नकार आहे. ‘इफ ही वॉज देअर यस्टर्डे’ यांत मात्र तो काल तेथें असेलही; तेथें ‘वेअर’ घालणें ही निव्वळ पंडिताई! फाउलरनें १९२६ सालच्या आपल्या कोशांत हा अर्थ मरणोन्मुख ठरविला, तरी ‘वेअर’ला जीवदान दिलें. आज पुष्कळ इंग्रजही दोन्हीकडे ‘वॉज’च वापरतात, मग वक्ता साशंक आहे कीं नाकारीत आहे, हें ऐकणाऱ्यास पुढच्या ‘वुड’वरून ताडावें लागतें.