दुकानातील पिल्लू आणि नगरसभेचा ठराव

कायद्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा राजधानीपासून आरंभ करतो. विधेयक आले, संमत झाले, राजपत्रात प्रसिद्ध झाले आणि मग हळूहळू जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कचेरीपर्यंत पाझरत गेले, अशी आपली समजूत असते. परंतु काही कायदे याच्या नेमके उलट, पायथ्याकडून माथ्याकडे चढलेले आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कुत्र्यांच्या पिल्लांच्या दुकानविक्रीविरुद्ध गावोगावी जो विरोध उभा राहिला, त्याची हकीकत अशा प्रकारची आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांचे आयुष्य परवाने, तपासण्या आणि अधिकारक्षेत्राचे वाद यांत गेले आहे, अशा आमच्या वाचकांना त्यात ओळखीच्या पुष्कळ गोष्टी आढळतील.

या व्यापाराचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला. पीक बुडाल्याने गांजलेल्या मध्यपश्चिमेकडील शेतकऱ्यांना जोडधंदा हवा होता, आणि शहरांतील वाढत्या मध्यमवर्गाला जातिवंत कुत्रे हवे होते. सरकारी शेतीखात्यानेही पिल्लांच्या पैदाशीकडे एक नगदी पीक म्हणून पाहण्यास उत्तेजन दिले. कोंबड्यांची खुराडी कुत्र्यांसाठी वापरात आली. मिझुरी, कॅन्सस, आयोवा, ओक्लाहोमा या राज्यांत पिल्ले जन्मावी, दलालाने ती खरेदी करून मालमोटारींनी दूरच्या शहरांत पोचवावी आणि तेथील दुकानदाराने काचेच्या कपाटात मांडून ती विकावी, अशी साखळी तयार झाली. लोकांनी या पैदास-केंद्रांना नाव दिले ते ‘पिल्लांच्या गिरण्या’. गिरणगावाची आठवण असलेल्या मराठी माणसाला त्या नावातील अर्थ उलगडून सांगावयास नको. गिऱ्हाइकाला दिसे ते काचेमागचे गोजिरवाणे पिल्लू. शेकडो कोसांवर पिंजऱ्यात पुनःपुन्हा विणारी त्याची आई त्याला कधीच दिसत नसे.

मध्यवर्ती सरकारने या प्रश्नात हात घातला तो वेगळ्याच निमित्ताने. 1965 साली पेन्सिल्वेनियातील एका कुटुंबाची ‘पेपर’ नावाची डाल्मेशियन कुत्री हरवली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगासाठी वापरली जाऊन मेली. पुढे फेब्रुवारी 1966 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडील हालांची छायाचित्रे छापली. लोकक्षोभ इतका झाला की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी प्रयोगशाळांतील प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. 1970 च्या दुरुस्तीने पाळीव प्राणी म्हणून विकण्यासाठी घाऊक पैदास करणारेही कायद्याच्या कक्षेत आले. किरकोळ दुकानदार मात्र वगळले गेले. गिऱ्हाईक दुकानात येऊन प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, तेव्हा निराळा तपासनीस कशाला, हा त्यामागील युक्तिवाद.

जे नियम झाले तेही पाहण्यासारखे आहेत. कुत्र्याच्या नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी, तीत सहा इंच मिळवावे आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, एवढे चौरस इंच जमीन त्या कुत्र्याला दिली की कायद्याचे समाधान झाले! अर्थात जनावराला जेमतेम वळता येईल अशा पिंजऱ्यात त्याचा जन्म गेला, तरी पैदासकाराचा परवाना निर्वेध राहू शकत असे. त्यातही अंमलबजावणी ढिली होती. 2010 साली शेतीखात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालाने, वारंवार नियमभंग करणाऱ्यांवर परिणामकारक कारवाई होत नाही, असा ठपका ठेवला.

या पार्श्वभूमीवर नगरसभा पुढे सरसावल्या. त्यांचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. बेवारस कुत्र्यांचे कोंडवाडे चालविण्याचा आणि तेथील वाढावा प्राण्यांना मारून टाकण्याचा खर्च नगराच्या तिजोरीतून होई. आणि त्याच नगरातील दुकाने परप्रांतातून नवी पिल्ले आणून विकीत. 2006 साली न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहराने दुकानांत कुत्री-मांजरे विकण्यास मनाई केली. 2010 मध्ये वेस्ट हॉलीवुड, 2012 मध्ये लॉस एंजेलिस, 2014 मध्ये शिकागो अशी ही लाट पसरत गेली. नागरिक सुटीच्या दिवशी दुकानासमोर फलक घेऊन उभे राहत, नगरसभेच्या बैठकीत आपापल्या पाळीची वाट पाहत आणि दोन-तीन मिनिटांत म्हणणे मांडून खाली बसत.

दुकानदारांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हास वाटत नाही. आम्ही परवानाधारकांकडून माल घेतो, कर भरतो. आमची दारे बंद केली तर गिऱ्हाईक आंतरजालावरील अनोळखी विक्रेत्याकडे जाईल, असे ते म्हणत. ही भीती खरी होती. न पाहता पिल्ले विकणाऱ्यांना परवान्याच्या कक्षेत आणण्यासाठी शेतीखात्याला 2013 साली नियम बदलावा लागला.

नंतर वाद पेटला तो अधिकाराचा. फिनिक्स शहराने 2013 साली बंदी घातली. दुकानदाराने संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली. 2015 मध्ये न्यायालयाने शहराचा ठराव वैध ठरविला. तथापि पुढच्याच वर्षी ॲरिझोनाच्या विधिमंडळाने असे ठराव करण्याचा नगरांचा अधिकारच काढून घेतला. मिझुरीत नोव्हेंबर 2010 मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने एका पैदासकाराकडे प्रजननक्षम कुत्री पन्नासांहून अधिक असू नयेत असे ठरविले, आणि 2011 मध्ये विधिमंडळाने ती मर्यादा पुसून टाकली. उलट कॅलिफोर्नियात नगरांचेच धोरण राज्याने उचलले. 2017 साली संमत होऊन 1 जानेवारी 2019 पासून अमलात आलेल्या कायद्याने दुकानदाराला केवळ कोंडवाड्यांतील वा सेवासंस्थांनी सोडविलेले प्राणीच विकता येऊ लागले. त्यावरही तोड निघाली. गिरणीतील पिल्लांना ‘सोडविलेली’ म्हणून नुसता शिक्का मारण्याचे प्रकार घडू लागले. आयोवाच्या महाधिवक्त्याला 2019 मध्ये अशा एका बनावट संस्थेविरुद्ध दावा लावावा लागला, आणि कॅलिफोर्नियाने 2020 मध्ये दुसरा कायदा करून ती फट बुजविली. न्यूयॉर्क राज्याचा बंदी-कायदा डिसेंबर 2024 पासून लागू झाला.

इंग्लंडने याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या टोकाने शोधले. 2013 साली वेल्समधील एका पैदास-केंद्रातून सुटलेल्या ‘ल्युसी’ नावाच्या कुत्रीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे 6 एप्रिल 2020 पासून आहे. सहा महिन्यांखालील पिल्लू मधल्या व्यापाऱ्याने विकावयाचे नाही. विकावयाचे ते ज्याने वाढविले त्याने, जन्मस्थळी आणि आईसमवेत दाखवून. गिऱ्हाईक स्वतः पाहते, हा अमेरिकेने सवलतीसाठी पुढे केलेला युक्तिवाद येथे बंधन म्हणून उभा आहे. फरक एवढाच की, पाहावयाचे आहे ते आईला.

आपल्याकडील स्थिती काय? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याहून सहा वर्षांनी वडील. त्यामागे राज्यसभेतील श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची चिकाटी होती. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम मात्र 2017 साली आले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य मंडळाकडे नोंद केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट किंवा कलकत्त्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारचा बाजार आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथील पिंजऱ्यातील पिल्लाचे वय किती आणि त्याची आई कोठे, हे विचारण्याचा अधिकार आता कायद्याने दिलेला आहे. अमेरिकेत तो प्रश्न प्रथम नगरसभेच्या बाकावर बसलेल्या सामान्य रहिवाशाने विचारला. आपल्याकडे तो ज्यांच्या मेजावर नस्तीच्या रूपाने येईल, त्यांत आमचे काही वाचकही असतील.