जळक्या इंधनाचे निवडणे-पाखडणे

विरारहून डहाणूच्या गाडीने निघालो म्हणजे वाटेत बोईसर लागते. तेथून तारापूरचे अणुकेंद्र जवळच. 1969 सालापासून तेथे वीज तयार होते, हे वसईतले शाळकरी पोरही सांगेल. परंतु वीज देऊन झाल्यावर त्या इंधनाचे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

आम्ही रसायनशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. तरुणपणी एका रंगाच्या कारखान्यात शिकलो. काचेच्या नरसाळ्यात आम्ल आणि तेलकट द्रव एकत्र हलवावेत, स्वस्थ ठेवावेत. दोन थर होतात आणि हवा तो पदार्थ तेलात चढतो. खालचे आम्ल मात्र रात्री नाल्यात सोडले जाई. तेव्हापासून 'वेगळे केले' असे कोणी म्हटले की उरलेले कोठे गेले, हे विचारण्याची आम्हांस खोड लागली.

अणुइंधनाची निवड याच तत्त्वावर चालते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या भट्टीतून निघालेल्या शंभर किलो जळक्या इंधनात सुमारे पंचाण्णव किलो युरेनियमच शिल्लक असते, किलोभर प्लुटोनियम, आणि तीन-चार किलो अणूंच्या फुटीतून झालेला अतिशय किरणोत्सर्गी कचरा. कांड्या कापून नायट्रिक आम्लात विरघळवितात. मग केरोसिनसारख्या तेलात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळून ते या आम्लाशी घुसळतात. युरेनियम व प्लुटोनियम तेलात जातात, कचरा आम्लात राहतो. पुढे प्लुटोनियमची संयुजा चारावरून तीनावर आणली की ते तेल सोडून पाण्यात परत येते. कृती एवढीच, पण ती जाड काँक्रीटच्या भिंतीआड, हात न लावता करावयाची.

अमेरिकेत हॅनफर्ड येथे 1944 साली बिस्मथ फॉस्फेटच्या साक्याने प्लुटोनियम काढीत. घाई बॉम्बची होती. युरेनियम कचऱ्याबरोबर जमिनीतल्या टाक्यांत गेले. तेलाची रीत नंतर आली. 1955 साली जिनिव्हात होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्तीची परिषद भरली आणि पुष्कळशी गुप्त विद्या उघड्यावर आली. तुर्भ्याचा आपला कारखाना होमी सेठनांच्या देखरेखीखाली उभा राहून 1964 साली चालू झाला. 1965 च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले. 1974 च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम येथलेच. ते सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही, आणि छाती फुगविण्याचेही नाही.

त्याच 1974 साली हा कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला. आम्लाने झिजलेली यंत्रे बदलावयाची, तर आधी माणसाला आत शिरता येईल इतकी ती धुवावी लागतात. भाभा-सेठनांची नावे ग्रंथांत आहेत. धुणाऱ्यांची आम्हांस कोठे आढळली नाहीत.

तारापूरची कथा निराळी. तेथेही पुनःप्रक्रियेचा कारखाना उभा राहिला, पण शेजारच्या भट्ट्यांतले जळके इंधन त्यात घालण्यास 1963 च्या करारान्वये अमेरिकेची संमती हवी होती. ती मिळाली नाही. कारखान्याने 1980 नंतर राजस्थानच्या भट्टीचे इंधन निवडले आणि घरचे इंधन दारातच पाण्याखाली पडून राहिले. 1993 साली तो करारही संपला. तारापुरातच पुनःप्रक्रियेचा दुसरा कारखाना 2011 साली राष्ट्रार्पण झाला.

आता आमची जुनी खोड: उरले ते कोठे जाते? ते आम्ल आटवून काचेत वितळवितात आणि पोलादी भांड्यांत ओततात. ही भांडी तारापूरच्या कोठारात हवेच्या नैसर्गिक खेचीने निवत ठेवली जातात. नाल्यापेक्षा हे शतपटीने बरे, यात शंका नाही. परंतु त्यातले सीझियम निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्या दिवशी असे भांडे भरले असते, तर त्यातील सीझियम आज हजारात एखादा भाग उरले असते. अमेरिशियम याहून हट्टी. तेवढ्या अवधीत वसईवर पेशव्यांचे, इंग्रजांचे, मग आपले स्वतःचे राज्य आले, आणि त्या किल्ल्याच्या तटावर आज वड-पिंपळ उगवले आहेत. कोठारावरचा पहारेकरी मात्र तिन्ही पाळ्यांना हजर पाहिजे.