खंडाळ्याच्या घाटाएवढे आयुष्य

आठ तासांचा दिवस घड्याळाने मोजावयाचा. म्हणून काळ सर्वांना एकच, यावर आम्हा कामगारांचा विश्वास जरा जास्तच. तो विश्वास आइन्स्टाइन यांनी १९०५ साली कागदावर मोडला. धावते घड्याळ, थांबून पाहणाऱ्याच्या हिशेबी, मंद चालते असे त्यांचे गणित. पण प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे घड्याळ आणावयाचे कोठून?

उत्तर सुचविले एका मुंबईकराने. होमी भाभा केंब्रिजला असताना १९३८ साली ‘नेचर’मध्ये त्यांचे छोटेसे टिपण आले. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनहून जड असा कण नुकताच सापडला होता. आज त्याला म्युऑन म्हणतात. असा जड कण आपोआप मोडत असेल तर तो एक घड्याळच आहे, आणि धावताना तो अधिक टिकला पाहिजे, असे भाभांनी लिहून ठेवले.

हिशेब पाहा. सेकंदाचे दहा लाख भाग करा. स्थिर म्युऑन त्यांतले सरासरी २.२ भाग जगतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, म्हणजे आपल्या खोपोलीहून खंडाळा जितका उंच, त्याहून थोडे अधिक. हे कण जन्मतात दहापंधरा किलोमीटर उंचीवर. तरीही, श्रोतेहो, आपल्या तळहातातून सेकंदाला सुमारे एक म्युऑन जातोच आहे!

१९४१ साली ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात वर आणि खाली कण मोजले. मंद कण वाटेत जास्त मोडले, वेगवान कमी. रॉसी ज्यू, मुसोलिनीच्या वंशकायद्यांपायी १९३८ साली त्यांची पादुआची प्राध्यापकी गेलेली. कामावरून काढलेल्या माणसाने हा दाखला मिळवावा, याचे मला विशेष वाटते.

‘सर्व काही सापेक्ष’ म्हणून वाटेल ते खपविणारे वक्ते भेटतात. मालकाच्या घड्याळात आठ तास आणि आमच्या घड्याळात दहा, असा याचा अर्थ नव्हे. कणाच्या स्वतःच्या हिशेबाने आयुष्य तेवढेच. त्याला वाटच आखूड होते. आकडे निराळे, पण खाली किती पोचले यावर दोघांचे एकमत.

सर्नमध्ये वर्तुळात फिरविलेले म्युऑन सुमारे २९ पट जगले, हे १९७७ साली प्रसिद्ध झाले. भाभा १९६६ सालीच विमान अपघातात गेले होते. त्यांनी १९४५ साली काढलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे मात्र याच म्युऑनांच्या मागावर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मजुरांनी खोदलेल्या बोगद्यांत, दोन किलोमीटरहून खोल उतरली होती.