हिंगोलीचा इंग्रजीचा तास

हिंगोलीचं नाव इंग्रजी साहित्यात आहे असं सांगितलं, तर पुण्यातल्या मित्रांचं सोडाच, खुद्द हिंगोलीकरांनाही खरं वाटत नाही. पण आहे बरं का! फिलिप मेडोज टेलर नावाचा एक इंग्रज अधिकारी निजामाच्या फौजेत होता. १८३९ साली लंडनमध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली आणि चांगलीच गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्यानं हिंगोलीच्या छावणीतली एक हकीकत दिली आहे. हरीसिंग नावाचा तिथला एक प्रतिष्ठित व्यापारी. स्वतः टेलरनंही त्याच्याशी व्यवहार केलेला. या हरीसिंगानं कॅप्टन रेनॉल्ड्स नावाच्या अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणायचा रीतसर पास काढला. जवळच्याच गावचा एक व्यापारी तो माल घेऊन येतोय, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याला आणि बरोबरच्या सगळ्यांना वाटेत मारलं, त्याच पासावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड उघड विकला. हरीसिंग ठगांचा म्होरक्या निघाला! पुढे पकडल्यावर त्यानं स्वतःच हे कबूल केलं, तेही गंमत सांगावी तसं.

म्हणजे इंग्रज अधिकारी आणि त्यांचे कागद आमच्याकडं १८३० च्या आसपासच येऊन पोचले होते. मग आमच्या गावांत इंग्रजीचा तास सुरू व्हायला पुढची शंभरेक वर्षं का लागली? गेले काही शनिवार-रविवार मी या प्रश्नाच्या मागे आहे. (कोडिंगपेक्षा बरं!)

पहिलं कारण भूगोलाचं. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेकडून पैनगंगा वाहते. नदीपलीकडे वऱ्हाड, तिथे १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. तिथला हुशार पोरगा मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत जाऊ शकत होता. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य. इथे छावणी होती, पण छावणीतली इंग्रजी छावणीतच राहिली. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली आणि ते पर्वही संपलं. एकच भाषा बोलणारी माणसं, मधे एक नदी, आणि शिक्षणाच्या वाटा मात्र संपूर्ण वेगळ्या.

अलीकडची वाट उर्दूकडे जायची. १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथे उर्दू हे शिक्षणाचं माध्यम ठरलं. इंग्रजी सक्तीची होती, पण एक विषय म्हणून. इंजिनियर म्हणून मला या प्रयोगाचं खरंच कौतुक वाटतं. भाषांतरासाठी एक अख्खं खातं उघडून त्यांनी विज्ञानाची, वैद्यकाची पुस्तकं उर्दूत आणली. भारतीय भाषेत उच्च शिक्षण होत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होतं. अडचण एकच. वसमत-कळमनुरीच्या पोराची भाषा उर्दू नव्हती. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि वर तिसरी म्हणून इंग्रजी. म्हणजे परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकायची!

माझे आजोबा त्या शाळेत शिकले. म्हातारपणीसुद्धा मनातल्या मनात हिशोब करताना ते उर्दूत पुटपुटायचे, आम्हा पोरांना त्याचं फार हसू यायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्याचा आनंद त्यांनी आयुष्यभर सांगितला. पण त्याच्याबरोबर त्यांच्या शिक्षणाचा बाजारभावही उतरला, हे त्यांनी फार क्वचित सांगितलं. ज्या भाषेत अर्ज लिहायला शिकलो त्या भाषेत अर्ज घेणारा साहेबच उरला नाही, असं ते एकदा म्हणाले होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ निघालं. योगायोग बघा, त्याच १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीचे शिक्षक घडवणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. तिचं आज विद्यापीठ झालं आहे. म्हणजे आमची राजधानी बदलल्यानंतर दोनच वर्षांत जुन्या राजधानीत इंग्रजी शिकवायचं शास्त्र आलं. नशीब म्हणतात ते हेच!

इकडे गावोगाव मराठी शाळा निघत होत्या. पण इंग्रजीचा मास्तर आणायचा कुठून? जो स्वतः उर्दूतून शिकला, तोच आता मराठी पोरांना इंग्रजी शिकवणार. मग त्यानं त्याला जमेल तेच केलं. एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, पोरांनी तो पेन्सिलीनं शब्दाच्या डोक्यावर लिहायचा. घरी अभ्यासाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. माझ्या वडिलांची इंग्रजी पाचवीत ए-बी-सी-डी पासून सुरू झाली, ती याच पद्धतीनं. धडा पाठ, अर्थ पाठ, प्रश्नोत्तरं पाठ. ते आजही इंग्रजी पेपर नीट वाचतात, समजून घेतात, पण बोलायची वेळ आली की मराठीत येतात. आपण सगळे या पद्धतीला हसतो. मला मात्र वाटतं, त्या मास्तरांनी निदान वाचणारी एक पिढी उभी केली, आणि तीही हाताशी काहीही नसताना.

ही माती किती वाचू शकते, याचं उदाहरण म्हणजे नरहर कुरुंदकर. जन्म १९३२ चा, मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. शिक्षणासाठी हैदराबादला मामांकडे राहिले, मग नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर आणि पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, प्राचार्य. या माणसानं आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजच्या समीक्षकावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, 'रिचर्ड्सची कलामीमांसा'. रिचर्ड्स म्हणजे तोच, ज्यानं विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता नुसत्या कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ मध्ये छापले. केंब्रिजच्या भल्या भल्या पोरांनी कवितेचे काय वाट्टेल ते अर्थ लावले होते! पुढे हाच रिचर्ड्स ८५० शब्दांच्या 'बेसिक इंग्लिश'चा प्रचारक झाला आणि चीनमध्ये जाऊन शिकवत राहिला. म्हणजे साहित्याची बारीक चिकित्सा आणि अगदी सोपी कामापुरती भाषा, ही दोन्ही कामं त्याला एकाच माणसाची वाटत होती.

आपल्याकडे मात्र या दोघांची फारकत झाली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली. मी त्याच धोरणाचं पीक. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच गुरुजी गणितही शिकवायचे आणि इंग्रजीही. त्यामुळे ए-बी-सी-डी चार वर्षं आधी भेटली, एवढाच काय तो फरक. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी व्हायव्हाला उत्तर येत असून गप्प बसलेली आमच्याकडची पोरं मी पाहिली आहेत. डोक्यात सर्किट तयार, तोंडात वाक्य नाही.

माझी एक वहिनी सेनगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. मागच्या दिवाळीत मी तिला शहाणपणा शिकवायला गेलो की वहिनी, कविता-बिविता सोडून द्या, सरळ स्पोकन इंग्लिश घ्या, पोरांना नोकरी तरी लागेल. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, 'माय नेम इज' तर सगळ्यांनाच येतं हो. त्याच्या पुढं बोलायला काहीतरी लागतं ना. कवितेच्या तासाला पोरं भांडतात, हा अर्थ नाही, तो अर्थ आहे म्हणून. आधी मराठीत भांडतात, मग मी म्हणते आता हेच इंग्रजीत सांग. तेव्हा तोंड उघडतं त्यांचं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर विचार करताना तो हरीसिंग आठवला. त्याचा पास अगदी खरा होता, सही-शिक्क्याचा. त्या पासाखाली काय चाललंय, हे मात्र कोणी तपासलं नाही. आमच्या जिल्ह्यात आजोबांच्या वेळी उर्दू हा नोकरीचा पास होता, आता इंग्रजी आहे. आईबाप पोटाला चिमटा काढून पोरांना इंग्लिश मीडियमला घालतात ते या पासासाठीच, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण राज्य बदललं की पास बदलतो, हे आमच्या घरानं एकदा पाहिलेलं आहे. एखादी ओळ समोर आली की तिच्याशी झगडून अर्थ लावायची सवय मात्र कुठल्याही भाषेत चालते. कुरुंदकरांना ती उर्दू शाळांच्या काळातही लागली होती.

सेनगावच्या त्या वर्गात चाळीस मिनिटांचा तास असतो. त्यातली दहा मिनिटं जरी पोरं अर्थावरून भांडत असतील, तर माझ्या मते इंग्रजी शिकवणं चालू आहे.