आज्ञागुरुवारची फेरी

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबारायांची पालखी पुण्यांत नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाच्या देवळांत उतरते, हें पुणेकरांस सांगावयास नको. त्याच पेठेंत, क्वार्टर गेटाजवळ, कॅथलिकांचें जुनें देऊळ आहे. तेथेंहि वर्षांतून एकदां यात्रेकरू येतात. गाजावाजा करीत नाहींत, म्हणून आम्हां शेजाऱ्यांच्या तें ध्यानीं येत नाहीं इतकेंच.

ईस्टरपूर्वींच्या गुरुवारास मराठी कॅथलिक आज्ञागुरुवार म्हणतात. शेवटच्या भोजनाचे वेळीं ख्रिस्तानें शिष्यांस परस्परांवर प्रेम करण्याची आज्ञा दिली, म्हणून हें नांव. त्या दिवशींचा मिस्साबलि झाला कीं परमप्रसाद फुलांनीं व मेणबत्त्यांनीं शृंगारलेल्या निराळ्या वेदीवर ठेवतात, मुख्य वेदीवरील वस्त्रें उतरवितात, आणि भाविक त्या नव्या वेदीपुढें जागर करतात. गेथसेमनीच्या बागेंत शिष्य झोंपीं गेले, ती चूक जणूं या रात्रीं भरून काढावयाची. एका देवळांत घटकाभर बसून दुसऱ्यांत जावयाचें, तेथून तिसऱ्यांत. देवळें सात असावींत असा संकेत आहे, नियम नव्हे.

हा सातांचा आंकडा रोमचा. तेथें उपासकाळाच्या प्रत्येक दिवसाचें देऊळ ठरलेलें असे. ही पद्धति पहिल्या ग्रेगरी पोपच्या वेळीं, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीस, बरीच स्थिर झाली. पुढें सोळाव्या शतकांत फिलिप नेरी या साधूनें सात मोठ्या देवळांची पायीं फेरी लोकप्रिय केली, आणि तीहि कार्निव्हलच्या ऐन धुमाळींत! शिमग्याच्या दंग्यांतून तरुण मंडळीस कोणीं भजन करीत आळंदीस न्यावें, तसाच तो प्रकार. वाटेंत गाणीं होत आणि एका बागेंत सर्वांचें खाणेंपिणें होई. साधूस माणसाच्या पोटाची ओळख होती.

रोमची देवळें हुतात्म्यांच्या व प्रेषितांच्या स्मृतींनीं जोडलेलीं, पुण्याचीं लष्करानें. नाना पेठेंतील देवळास १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं जागा दिली, ती आपल्या फौजेंतील ख्रिस्ती लोकांकरितां. पेशवाईच्या आमच्या कथांत गारदी येतात, पेंढारी येतात. या ख्रिस्ती शिपायांस मात्र कोपराहि मिळत नाहीं. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, इंग्रजांची छावणी वाढली, आणि १८५० सालीं आयरिश सैनिकांसाठीं सेंट पॅट्रिकचें देऊळ उभें राहिलें. इंग्रजांची बंदूक खांद्यावर आणि धर्म इंग्रजांस नकोसा, अशी त्या बिचाऱ्यांची स्थिति. त्यांत भर धर्मसत्तेच्या भांडणाची. हिंदुस्थानांतील देवळांवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क चालावा कीं रोमनें नेमिलेल्या अधिकाऱ्यांचा, या वादानें मुंबईकडील कॅथलिक दीर्घकाळ दुभंगले होते. १८८६ सालीं रोम व पोर्तुगाल यांचा करार झाला. पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांतहि त्याच सालचा.

तेव्हां आम्हांस या फेरीचें महत्त्व वाटतें तें असें कीं, देवळें बांधणारांनीं तीं आपापल्या पलटणीपुरतीं बांधलीं. चालणारा भाविक मात्र कोणत्या दारांतून कोणाची पलटण आंत जात असे हें विचारीत नाहीं.

एक खुलासा अवश्य केला पाहिजे. रात्रीची ही चाल फार प्राचीन असावी असें पाहणारास वाटतें. परंतु पूर्वीं त्या दिवशींचा मिस्साबलि सकाळींच होई. बाराव्या पायस पोपनें १९५५ सालीं फेरबदल जाहीर केले आणि १९५६ पासून तो सायंकाळीं होऊं लागला. जुन्या पिढीची फेरी उन्हांतहि होत असली पाहिजे, आणि पुण्याचें चैत्रांतलें ऊन कांहीं लहान प्रायश्चित्त नव्हे.

क्वार्टर गेटापासून सेंट पॅट्रिकपर्यंत पाऊण-एक तासाची चाल आहे. मध्यरात्र झाली कीं वेदीपुढील थाट आटोपता घेतात; शुक्रवारीं मिस्साबलि होत नाहीं.