वाघ हिंगोलीतून गेला, हे कळतं कसं? जीपीएस कॉलर, गिधाडांचे टॅग आणि तुमच्या फोनवरून दिलेली खबर

२०१९ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ निघाला. टिपेश्वर तसं लहान, १४८ चौरस किमीचं, आणि आत वाघ भरपूर. जागा मिळेना म्हणून पठ्ठ्या चालत सुटला. तेलंगणातलं आदिलाबाद, नांदेड, पैनगंगेचं खोरं, आपला हिंगोली जिल्हा, पुढे वाशिम-अकोला असं करत डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वनखात्याच्या कागदावर त्याचं नाव टी१सी१, लोकांनी ठेवलेलं नाव 'वॉकर'. नऊ महिन्यांत तो जवळपास ३,००० किमी चालला. सोयाबीन, कापूस, तूर, नाले, रस्ते, सगळं ओलांडून.

हे इतकं नेमकं कसं कळलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती. दर तासाला जागा नोंदवली जायची, अशा ५,००० हून जास्त नोंदी जमल्या. एप्रिल २०२० मध्ये बॅटरी संपत आली म्हणून कॉलर काढली. त्यानंतर तो कुठे आहे हे सांगणारं यंत्र नव्हतं. उरले ट्रॅप कॅमेरे आणि गावकरी.

हा लेख त्या 'गावकरी' भागाबद्दल आहे. कारण आता महाराष्ट्रात नुसते चालत येणारे प्राणी नाहीत, मुद्दाम आणून सोडलेलेही आहेत.

आणून सोडलेले म्हणजे कोणते?

एखाद्या भागातून संपलेला किंवा अगदी कमी झालेला प्राणी दुसरीकडून आणून तिथे पुन्हा सोडतात, त्याला पुनर्स्थापना म्हणतात. देशभर गाजलेलं उदाहरण कुनोचे चित्ते, सप्टेंबर २०२२. आपल्याकडचं उदाहरण मात्र गिधाडांचं. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची १० गिधाडं ताडोबात आणि लांब चोचीची १० गिधाडं पेंचमध्ये आणली. बीएनएचएस आणि वनखातं यांचं हे काम. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात सवय करून मग पाठीवर टॅग बांधून त्यांना सोडलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांपेक्षा जास्त घटली होती, त्यामुळे एकेका पक्ष्याला किंमत आहे.

आणि गिधाडाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. ताडोबात सोडलेलं एक गिधाड पाच राज्यांतून सुमारे ४,००० किमी उडत थेट तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे विजेच्या धक्क्याने मेलं. ताडोबा ते हिंगोली हे त्यापुढे काहीच नाही. उद्या सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला एखादं टॅगवालं गिधाड उतरलं तर आश्चर्य वाटायला नको.

टॅग आहे ना, मग लोकांनी कशाला कळवायचं?

प्रश्न बरोबर आहे. आधी टॅग कसा चालतो ते बघू.

वाघाच्या कॉलरमध्ये साधारण तीन गोष्टी असतात. जीपीएस उपग्रहांकडून आपली जागा काढतो, अगदी तुमच्या फोनसारखं. काढलेली जागा दुसऱ्या उपग्रहामार्फत कार्यालयात पाठवली जाते. तिसरी गोष्ट जुनी, पण अजून कामाची: व्हीएचएफ रेडिओ. तो सतत 'टिक टिक' सिग्नल सोडतो आणि वनरक्षक हातात अँटेना धरून दिशा शोधतात. गिधाडांच्या टॅगमध्ये बऱ्याचदा उपग्रहाऐवजी मोबाइल नेटवर्क वापरतात आणि वर छोटं सोलर पॅनल असतं. नेटवर्क नसेल तर टॅग नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. तुमचा व्हॉट्सअॅप मेसेज एका टिकवर अडकून राहतो ना, तसंच.

मेख इथेच आहे. गिधाड सकाळी विजेच्या तारेला लागून पडलं आणि तिथे रेंज नसली, तर कार्यालयात ते 'अजून नोंद आली नाही' एवढंच दिसतं. बसलेलं, आजारी आणि मेलेलं गिधाड नकाशावर सुरुवातीला सारखंच दिसतं, एक न हलणारा ठिपका. बऱ्याच टॅगमध्ये बराच वेळ हालचाल नसली की इशारा देण्याची सोय असते, पण तो इशारा येईपर्यंत कुत्र्यांनी काम उरकलेलं असतं. रस्त्याने जाणाऱ्या पोराला मात्र ते दोन मिनिटांत दिसतं.

शिवाय प्रत्येक प्राण्याला टॅग नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात एक वाघ आला. पट्टे जुळवल्यावर कळलं की तोही टिपेश्वरचाच, म्हणजे जवळपास ५०० किमी चालून आलेला. त्याला कॉलर नव्हती, त्यामुळे मधला रस्ता कोणाकडेच नोंदलेला नाही. मधल्या गावांत कुणाला ठसे दिसले असतील, कुणाची कालवड गेली असेल. तेव्हा कळवलं असतं तर आज त्या वाटेचा नकाशा हातात असता. पुढचे वाघ कुठल्या नाल्याने येतील आणि कुठला रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतील, हे अशा नकाशावरूनच ठरवता येतं.

आणि कॉलर असली म्हणजे सगळं हातात असतं असंही नाही. ताडोबाची झीनत वाघीण नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशाच्या सिमिलिपालमध्ये सोडली. कॉलर होती. तरी ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली आणि २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात बेशुद्ध करून पकडावी लागली. ठिपका कुठे आहे ते कळतं, पण त्या ठिपक्याशेजारी आज कोण गुरं चारायला गेलंय, ते गावालाच माहीत असतं.

'वाघ आला रे' म्हणजे नक्की काय आला?

आपल्या बोलीत एक गोची आहे. बिबट्यालाही आपण सर्रास 'वाघ'च म्हणतो, कुठे 'बिबट्या वाघ' म्हणतो. त्यामुळे फोनवर 'शेतात वाघ आहे' एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही. पहिला प्रश्न येतो: पट्टे की ठिपके? तो तुम्हीच आधी सांगून टाका. मराठवाड्यात तरस आणि लांडगेही आहेत, आणि अंधारात टॉर्चच्या उजेडात तरसाच्या अंगावरचे पट्टे बघून भल्याभल्यांची गल्लत होते.

ठसा असेल तर काम सोपं. मांजरकुळातला प्राणी, म्हणजे वाघ-बिबट्या, नखं आत ओढून चालतो, त्यामुळे ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. फोटो काढताना फोन ठशाच्या बरोबर वर आडवा धरा, तिरका नको. शेजारी काडीपेटी किंवा दहाचं नाणं ठेवा, नाहीतर फोटोवरून ठसा चार इंचाचा की सहा हे कुणालाच सांगता येत नाही. कोवळ्या उन्हात तिरपी सावली पडते तेव्हा ठसा उठून दिसतो. आणि एकच फोटो पुरत नाही, ओळीतले दोन-तीन ठसे घ्या.

फोटोसोबत जागा कशी पाठवायची?

फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'लोकेशन' चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहिली जाते. ही माहिती फोटोत दिसत नाही, पण फाइल उघडणाऱ्याला वाचता येते. गंमत अशी की व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ती पुसली जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. वनरक्षकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

'कयाधूच्या काठाला रेंजच नसते' असं म्हणाल. फोनचा जीपीएस इंटरनेटशिवाय चालतो. फक्त जागा सापडायला जास्त वेळ लागतो, उघड्यावर एक-दोन मिनिटं थांबावं लागतं. फोटो तेव्हाच काढा, पाठवा नंतर.

कळवायचं कुठे? वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट' टोल फ्री नंबर १९२६. माणूस जखमी असेल तर आधी ११२. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आणि आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर गावातल्या कुणाकडे तरी असतोच, तो आजच सेव्ह करून ठेवा. सांगताना गावाचं नाव, शिवार किंवा गट नंबर, किती वाजता, काय दिसलं आणि ते तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं, हे सांगा. शेवटचा मुद्दा लोक टाळतात, पण तोच सर्वात महत्त्वाचा. 'ऐकलं' असं प्रामाणिकपणे सांगितलेली खबरही उपयोगी असते, 'पाहिलं' असं खोटं सांगितलेली मात्र पूर्ण पथकाची रात्र वाया घालवते.

खबर दिल्यावर पुढे काय होतं?

वनरक्षक जागेवर येऊन ठसे, विष्ठा, मारलेलं जनावर बघतो. वाघाची शक्यता वाटली तर वाटेवर ट्रॅप कॅमेरे लावतात. या कॅमेऱ्यात उष्णता आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, समोरून गरम अंगाचं काही गेलं की फोटो निघतो. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्यापेक्षा वेगळे असतात. पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे निराळे. मग देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडच्या फोटोंशी ते संगणकावर जुळवतात. धाराशिवचा वाघ टिपेश्वरचा हे असंच कळलं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. लोकांच्या खबरींवरून केलेला नकाशा हा प्राण्यांचा कमी आणि फोन असलेल्या माणसांचा जास्त असतो. हायवेला लागून दहा खबरी आणि आतल्या डोंगरपट्ट्यात शून्य, म्हणजे डोंगरात प्राणी नाही असं नव्हे. एकाच बिबट्याबद्दल पंधरा फोन आले की पंधरा बिबटे होत नाहीत. म्हणून अभ्यासक खबरींची जागा-वेळ जुळवून एकच घटना मोजतात आणि पुरावा असलेली खबर वेगळी ठेवतात. फोटो आणि नेमकी वेळ यांचा आग्रह त्यासाठीच.

स्टेटसला का टाकायचं नाही?

हे जरा कडक सांगतो. वॉकरच्या एवढ्या मोठ्या प्रवासात माणसांशी संघर्ष जवळपास झालाच नाही. एक जण जखमी झाला, तोही वाघ झुडपात विसावलेला असताना माणसांचा घोळका तिथे घुसला तेव्हा. तुमचं 'लाइव्ह लोकेशन' असा घोळका अर्ध्या तासात गोळा करतं. दुसरे वाचक म्हणजे शिकारी, तेही फोन वापरतात. आयनॅचरलिस्टसारखं अॅप धोक्यातल्या प्रजातीची जागा आपोआप साधारण २० किमीच्या चौकोनात धूसर करतं, ते याच कारणाने. व्हॉट्सअॅप ग्रुप तसं काही करत नाही. आणि दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ 'आपल्या वसमतचा' म्हणून फिरवला, की रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी आठवडाभर घरात बसतो. मोटारीची लाइट रात्रीची आणि पीक वाळतंय, त्याला हे परवडत नाही.

जनावर मारलं तर

इथे खबर म्हणजे पैसाही आहे. गाय, बैल, म्हैस वन्यप्राण्याने मारली तर ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी रक्कम मिळते. पण ४८ तासांच्या आत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवायचं नसतं. आजोबांना अर्ज जमत नसेल तर फोटो काढून तुम्ही मदत करा. भरपाई अडली की रागाच्या भरात कुणीतरी त्या मढ्यावर विष टाकतं. ते खाऊन वाघ मरेल न मरेल, गिधाडं, घारी, गावची कुत्री नक्की मरतात.

गिधाडांसाठी आणखी एक विष आहे, ते औषधाच्या बाटलीतून येतं. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक २०२३ पासून. बैल सुजला तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना चालतं.

आणि खुद्द गिधाड जमिनीवर बसलेलं दिसलं, उडत नसलं, तर लांबूनच झूम करून पंखावरच्या टॅगचा किंवा पायातल्या कड्याचा नंबर टिपा. कुत्री हाकला, माणसं लांब ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. मेलेलं असेल तर पाठीवरचं यंत्र काढून घरी नेऊ नका. ते चालूच असतं, आणि कार्यालयातल्या नकाशावर गिधाड तुमच्या पत्र्याच्या घरात मुक्कामाला आलेलं दिसतं.